अडकणारं पिस्तूल आणि झुलाल नानांच्या चार वाट्या

डिसेंबरातली सकाळ होती. धरणगाव रस्त्यावरच्या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये पुनम हात लांब करून उभी होती आणि पंचवीस मीटरवरच्या निशाणाकडे रोखून बघत होती. पहिली गोळी सुटली, दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी नुसता टक्‌ असा आवाज आला आणि पुढे काहीच झालं नाही.

"हात तसाच ठेव, पोरी!" मागच्या खोलीतून झुलाल नानांचा आवाज आला. "नळी निशाणाकडेच राहू दे. तीसलगून मोज."

पुनमने तीसपर्यंत आकडे मोजले. न उडालेली गोळी कधी कधी उशिरा उडते, म्हणून हा नियम. मग तिने पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड मागे ओढली, काडतूस टेबलावर पडलं, आणि तिने पुन्हा नेम धरला. चौथी गोळी उडाली, पण रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी स्लाइडच्या फटीत उभीच्या उभी अडकली. सकाळपासूनची ही सहावी खोट.

"मी काही चुकू नाही राहिली, नाना," ती मागे न वळता म्हणाली. "थेच अडकू राहिलं."

पुनम असोद्याची. वडील रतिलाल यांची केळीची बाग, घरात कुणी कधी बंदूक पाहिलेली नाही. कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर सहज म्हणून या शेडमध्ये आली आणि पहिल्याच दिवशी पाचांतल्या तीन गोळ्या काळ्या वर्तुळात बसवून गेली. आता ती सत्तावीस वर्षांची होती, जळगावात एका पतपेढीत नोकरी करत होती, आणि नोकरीच्या आधी दोन तास रोज इथे येत होती. पंधरा दिवसांनी धुळ्याला विभागाची निवड स्पर्धा होती. पहिल्या तिघी संघात जाणार होत्या.

झुलाल नाना मूळचे सोनगीरचे. किल्ल्याच्या पायथ्याशी घर, थोडीफार शेती, आणि शेजारी तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांची आळी. नानांचं लहानपण त्या ठोक्यांत गेलं. हंडा नुसता वाजवून त्याला चीर कुठे आहे ते हा पोरगा सांगतो, म्हणून कारागीर त्याला हाक मारून बोलवत. पुढे तो पोलिसात भरती झाला. परेडमध्ये यथातथाच, पण हत्यार खोलून जोडायला बसला की उस्तादही बाजूला उभे राहून बघत. साहेबांनी ओळखलं आणि शस्त्रागारात घेतलं. तिथे त्याने तीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत हजारो हत्यारं त्याच्या हाताखालून गेली, आणि स्वतः त्याने कुणावर एकदाही नेम धरला नाही. ही गोष्ट नाना मोठ्या अभिमानाने सांगत.

निवृत्तीनंतर बायकोच्या, यशोदाबाईंच्या माहेरगावी, धरणगावात त्यांनी घर बांधलं. वर्षभर स्वस्थ बसले. त्या वर्षात त्यांनी घरातली शिलाई मशीन तीनदा खोलली, दोनदा पंखा खोलला आणि शेजाऱ्याचा स्टोव्ह न विचारता दुरुस्त केला. शेवटी यशोदाबाईच हितेंद्रकडे गेल्या. आपल्या आजोबांच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये नेमबाजीचं केंद्र त्यानेच काढलं होतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, यासले काही काम दे. नहीतं हाऊ माणूस मना घरनं दार बी खोली टाकी."

तेव्हापासून नाना इथले आर्मोरर. म्हणजे हत्यारांचे वैद्य.

त्या सकाळी मात्र वैद्यावरच संशय आला. हितेंद्र पुनमचं पिस्तूल हातात घेऊन उभा राहिला आणि जरा चाचरत म्हणाला, "नाना, दिवाळीत तुम्ही हे पूर्ण खोललं होतं ना? नवी स्प्रिंग टाकली, सफाई केली. त्याआधी तर चांगलं चालत होतं."

"व्हय. पण त्याच आठवड्यात नव्या गोळ्याही आल्या," नाना म्हणाले. "ती स्वस्तातली मोठी पेटी. माले तर गोळ्यांचाच संशय शे."

"गोळ्या सगळेच वापरतायत, नाना. अडकतं हे एकच. मला वाटतं, पुण्याला एकाला दाखवू या. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आता वय झालं की बारीक काम जरा..."

वाक्य त्याने अर्धवटच सोडलं. पण उरलेलं नानांना ऐकू आलं. खोलीत जाऊन त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. गेल्या वर्षीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. हात थरथरत नव्हते, पण 'थरथरत नाहीत ना' हे बघायला त्यांनी हात समोर धरला, आणि आपण तसं केलं याचंच त्यांना वाईट वाटलं.

पुनम दारात आली. "नाना, पुण्याला पाठवलं तर महिनाभर येत नाही. मंग मी खेळू कशी?"

"माले तीन दिवस दे," नाना म्हणाले. "आणि या तीन दिवसांत मी सांगेन तेवढंच कर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की खरी कोणती ते कधीच समजत नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाईंनी मांडणीकडे पाहिलं आणि ओरडल्या, "मन्या वाट्या कोठे लई चालनात तुम्ही?"

"पिस्तूल आजारी शे," नाना चार स्टीलच्या वाट्या पिशवीत टाकत म्हणाले. "त्याले औषध देवानं शे."

"मंग वाटीमा खिचडी बी लई जा त्याना करता!"

नाना हसत हसतच सायकलवर बसले. दोन दिवसांत पहिल्यांदा हसले होते.

चार वाट्या टेबलावर ओळीने मांडल्या. नीट उडालेल्या गोळीची पुंगळी पहिल्या वाटीत. जी उडालीच नाही ती गोळी दुसरीत. जिची पुंगळी फटीत अडकली ती तिसरीत. आणि वर चढताना नाक खुपसून वाकडी झालेली चौथीत. हितेंद्र लांबून बघत होता. त्याला वाटलं, नाना आता संक्रांतीचं हळदीकुंकू मांडतायत की काय.

पुनमने तिच्या पिस्तुलातून पन्नास गोळ्या झाडल्या. नानांनी डोळे मिटून ऐकल्या. मधूनच ते म्हणत, "ही हलकी होती," आणि खरंच, त्याच वेळी पुंगळी अडकलेली असे. चांगल्या गोळीचा आवाज ठणठणीत. या पेटीतल्या काही गोळ्या मात्र ओल्या लाकडावर कुऱ्हाड मारल्यासारख्या वाजत होत्या. दारू कमी भरलेली, जोर अपुरा.

मग नानांनी दुसऱ्या वाटीतल्या न उडालेल्या गोळ्या उचलल्या आणि भिंग लावलं. गोळीच्या कडेवर फायरिंग पिनचा, म्हणजे टोला देणाऱ्या खिळ्याचा, घाव खोल आणि स्वच्छ होता. त्यांनी हितेंद्रला बोलावलं.

"दख. घाव उथळ असता, तर दोष पिस्तुलाचा. पिन झिजली, नाहीतर घाण बसली, असं म्हणता आलं असतं. पण इथे पिनने आपलं काम चोख केलंय. टोला बसला आणि गोळी जागी झालीच नाही. मग दोष कोणाचा?"

"गोळीचा," हितेंद्र म्हणाला.

"हं. एक वाटी झाली."

चौथ्या वाटीत दोनच गोळ्या होत्या आणि दोन्ही एकाच मॅगझिनमधल्या, म्हणजे गोळ्या भरायच्या एकाच डबीतल्या, निघाल्या. त्या मॅगझिनची वरची कड किंचित वाकली होती. पुनमने जीभ चावली. मागच्या महिन्यात ते तिच्या हातून फरशीवर पडलं होतं आणि ती कुणाला बोलली नव्हती. नानांनी त्यावर लाल ऑइलपेंटची टिकली लावली आणि बाजूला ठेवलं. "आता हे सरावालाही नको," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत.

राहिली तिसरी वाटी, आणि तीच सगळ्यांत भरलेली होती. फटीत अडकलेल्या अकरा पुंगळ्या. नाना मनात खूश होते. गोळी हलकी, म्हणून स्लाइडला मागे ढकलायला जोर नाही, म्हणून पुंगळी बाहेर पडत नाही. हिशेब सरळ होता. आता फक्त शेवटची खात्री. त्यांनी तीच पेटी घेतली, हितेंद्रच्या स्वतःच्या, त्याच बनावटीच्या पिस्तुलात भरली आणि त्याला पन्नास झाडायला लावल्या.

दोन उडाल्या नाहीत. पण अडकली फक्त एक.

नानांनी पुन्हा पन्नास झाडायला लावल्या. पुन्हा एकच. त्याच गोळ्या, तसंच पिस्तूल. पुनमच्यात अकरा, हितेंद्रच्यात एक.

त्या दुपारी नाना जेवायला घरी गेलेच नाहीत. त्यांनी पुनमचं पिस्तूल खोललं, हितेंद्रचं खोललं, आणि दोन्ही स्प्रिंगा शेजारी शेजारी ठेवल्या. लांबी जवळपास सारखीच. त्यांनी बोटाने एक दाबली, मग दुसरी. पुन्हा पहिली. दिवाळीत आपण टाकलेली स्प्रिंग हाताला सरळ सरळ ताठ लागत होती. बसवताना ते ध्यानात आलंच नव्हतं. नवी आहे, थोडी कडक असणारच, असं म्हणून पुढे गेले होते. जोरदार गोळीला ती स्प्रिंग चालून जाई. हलक्या गोळीला मात्र ती दाबली जातच नव्हती. स्लाइड अर्ध्यावरून परत येत होती आणि पुंगळीला चिमटीत धरत होती.

झाकून टाकणं अगदी सोपं होतं. जुनी स्प्रिंग टाचणीच्या डबीत जपून ठेवलेली होतीच. गुपचूप बदलली असती आणि 'गोळ्याच वाईट' म्हणून मोकळे झाले असते, तर कुणाला काही कळलं नसतं. खोटंही ठरलं नसतं. नाना दहा मिनिटं तसेच बसून राहिले. मग उठले आणि शेडमध्ये सराव करणाऱ्या सगळ्यांना त्यांनी टेबलाभोवती बोलावलं.

"चूक मनी शे," ते म्हणाले. "बठ्ठी नही, पण अर्धी मनी शे. गोळ्या हलक्या आहेत, ते खरंच. पण मी जी स्प्रिंग टाकली ती ताठ आहे. गोळी आणि स्प्रिंग, दोघींचं जमलं नाही, आणि भोगलं या पोरीने. तुम्ही लोक म्हणत होता, पुनमचं मनगट ढिलं पडलंय. तिचं मनगट पक्कं आहे. माझं बोट चुकलं."

मग हितेंद्रने पुढे होऊन नानांच्या हातातून दोन्ही स्प्रिंगा घेतल्या, स्वतः दाबून पाहिल्या आणि म्हणाला, "नाना, मला तर यांत अजूनही फरक कळत नाहीये. पुण्याला पाठवलं असतं तर ते काय नवीन पिस्तूल घ्या म्हणाले असते!" सगळे हसले. पुनमने तर वाकून नानांच्या पायाला हात लावला. नाना ओशाळून म्हणाले, "अवं, चूक केली त्याच्या पाया पडतेस का?"

जुनी स्प्रिंग बसवली. स्वस्तातल्या त्याच पेटीतल्या पन्नास गोळ्या, आणि अडकली एकही नाही. तीन मात्र उडाल्या नाहीत. त्यांना औषध नव्हतं.

आता दुसरी अडचण. केंद्रात चांगल्या गोळ्यांच्या दोनच पेट्या होत्या, पन्नास-पन्नासच्या. त्या स्पर्धेला लागणार. म्हणजे दहा दिवसांचा सराव स्वस्त गोळ्यांवरच. आणि या गोळ्यांत एक हलकी, एक जड, असं असल्यामुळे गोळी निशाणाच्या वर-खाली जाई. नेम चुकला की गोळी चुकली हे पुनमला कळेना.

यावरचा उपाय नानांना बाजारात सुचला. ते जळगावला तोताराम सोनाराकडे नातीच्या पैंजणाची कडी जोडायला गेले होते. तोताराम त्यांचा जुना मित्र. तो नाजूक काट्यावर मण्यासारखा सोन्याचा तुकडा ठेवत होता आणि काटा गुंजेच्या अंशानेही हलत होता.

"तोताराम," नाना म्हणाले, "रविवारी हा काटा घेऊन माझ्याबरोबर चल. एक वेगळंच सोनं तोलायचं आहे."

रविवारी शेडबाहेरच्या निंबाखाली सतरंजी पसरली. तोताराम मांडी घालून, बाह्या सारून, अगदी गादीवर बसल्यासारखा बसला. हितेंद्र रजिस्टर घेऊन शेजारी, पुनम एकेक गोळी हातात देणार, नाना ती वजनाप्रमाणे वाटीत टाकणार. यशोदाबाई वाट्या परत न्यायला म्हणून आल्या होत्या. पण गंमत बघता बघता त्याही बसल्या, आणि तासाभरात त्याच सगळ्यांना दम देऊ लागल्या. "ती हलकीमा नको टाकू, मधलीमा टाक! तोताराम भाऊ, काटा सरळ दखा!"

"वहिनी, चाळीस वर्षं सोनं तोलतोय," तोताराम म्हणाला, "पण गिऱ्हाईक एवढं चिकट नव्हतं कधी."

सहाशे गोळ्या तोलल्या. सव्वाचारशे जवळपास एका वजनाच्या निघाल्या. बाकीच्या वेगळ्या काढल्या. दुपारी तिथेच चूल मांडून वांगी भाजली, भरीत झालं, पुऱ्या झाल्या, आणि तोतारामने काट्याला हात न लावता पुऱ्या मोजल्या. त्याच्या वाट्याला सात आल्या होत्या. तोललेल्या गोळ्यांवर दुसऱ्या दिवसापासून पुनमचा सराव सुरू झाला आणि कागदावरची छिद्रं एकमेकांजवळ यायला लागली.

धुळ्याची स्पर्धा दोन टप्प्यांत होती. सकाळी सावकाश नेमाच्या तीस गोळ्या, दुपारी झटपट तीस. सकाळी पुनमचं पिस्तूल घड्याळासारखं चाललं. ती दुसऱ्या नंबरवर होती. पण तिच्या शेजारच्या जागेवर धुळ्याची मोनाली नावाची मुलगी वारंवार हात वर करत होती. पंचाने यायचं, पिस्तूल बघायचं, पुन्हा झाडायची परवानगी द्यायची. मधल्या सुट्टीत ती भिंतीशी पिस्तूल घेऊन बसली होती आणि डोळे पुसत होती. तिच्या केंद्राबरोबर आर्मोरर आलाच नव्हता.

नाना दोनदा तिच्याजवळून गेले. तिसऱ्यांदा थांबले. ही पुनमच्या बरोबरीची खेळाडू आहे हे त्यांना ठाऊक होतं. सकाळी एवढ्यांदा पिस्तूल अडकूनही ती फक्त चार गुणांनी मागे होती. पण आजारी हत्यार समोर असताना त्यांना पुढे जाताच येईना.

"बेटा, अडकलेल्या पुंगळ्या फेकल्या का ठेवल्या?"

मोनालीने मूठ उघडली. तीत चार पुंगळ्या होत्या. नानांचा चेहरा उजळला. "शाबास! तू अर्धी आर्मोरर आहेस."

पंचांना विचारून त्यांनी तिथेच जमिनीवर रुमाल अंथरला. चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या पोकळीत, बघताच कळलं. स्वस्त गोळीवरचं मेण आणि शिसं यांचा काळा थर आत साचला होता. थंडीत तो आणखी घट्ट झालेला. गोळी पूर्ण आत बसतच नव्हती, आणि बसली तर पुंगळी निघत नव्हती. नानांनी ब्रशने, कापडाने, मग पुन्हा ब्रशने तो थर काढला. मुलीने अडकतंय म्हणून वरून भरपूर तेल ओतलं होतं, ते सगळं पुसलं. "तेलाने घाण जात नही, घाणीचा चिखल होतो," ते म्हणाले. मग बॉक्सवरचं नाव बघितलं. त्याच कंपनीच्या गोळ्या. त्यांच्याकडे आल्या होत्या त्याच.

"चेंबर चांगलं झालं," ते हळूच म्हणाले, "पण या गोळ्यांचं मी काही सांगू शकत नाही."

मागे पुनम उभी होती. किती वेळापासून, कोण जाणे. ती म्हणाली, "नाना, आपल्या शंभरातल्या मला चाचणीच्या दहा धरून सत्तरच लागतात. तीस गोयी उरल्या. हिले देऊ या."

नानांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "नीट विचार कर, पोरी. ही तुझ्या मागे फक्त चार गुणांनी आहे."

"म्हणूनच. थे मागे राहिली थे गोयीनं राहिली. तसं नाही जिंकायचं मले."

आयोजकांच्या रजिस्टरात नोंद केली आणि तीस गोळ्या मोनालीच्या टेबलावर गेल्या.

दुपारी मोनालीने एकदाही हात वर केला नाही. निकाल लागला तेव्हा ती पहिली आली, पुनमपेक्षा एक गुण जास्त. पुनम दुसरी. दोघीही संघात!

रतिलाल आबा असोद्याहून टेम्पोत केळीचे चार घड घालून आले होते. लेक जिंकली तर वाटायचे, हरली तर बाजारात विकून जायचं, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. आता ते मैदानात उभे राहून पंचांना, खेळाडूंना, दारावरच्या शिपायाला, सगळ्यांना केळी देत होते. "खा हो, घरची केयी आहे, खा!" मोनालीची आई नानांना शोधत आली आणि हात जोडून म्हणाली, महिन्यातून दोनदा धुळ्याला यायचं, आमच्या पोरींना शिकवायचं, नाही म्हणायचं नाही. यशोदाबाईंनी नानांच्या आधीच हो म्हणून टाकलं.

"काय हो नाना," पुनम केळं सोलता सोलता म्हणाली, "तुम्ही हिचं पिस्तूल नीट नसतं केलं, तर पहिली मीच होते!"

"आणि तू गोळ्या दिल्या नसत्या तर?" नाना म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघून इतके हसले की रतिलाल आबांना वाटलं, आपल्या केळ्यांतच काहीतरी आहे. त्यांनी एक सोलून स्वतः खाऊन पाहिलं. चांगलं गोड होतं.